परगावचे प्रेक्षक म्हणून मायनर लीगच्या बेसबॉल मैदानावर : डरहम आणि नॉर्थ कॅरोलायना

धागाकर्ता : पाऊलवाट

अमेरिकेत राहणारी किंवा कामानिमित्त काही महिन्यांसाठी येणारी बरीच मराठी मंडळी न्यूयॉर्क, शिकागो किंवा बॉस्टनला मेजर लीगचा, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीचा, एखादा सामना पाहतात आणि बेसबॉल पाहून झाला असे मानतात. त्या मोठ्या मैदानांची भव्यता मला मान्य आहे. परंतु खेळाडू जिथे घडतो आणि हा खेळ ज्या लहानमोठ्या गावांनी शंभर वर्षांहून अधिक काळ सांभाळला, ती मायनर लीगची मैदाने पाहिल्याखेरीज बेसबॉलची ओळख अपुरी राहते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून परगावाहून मुद्दाम सामना पाहायला जाणाऱ्या प्रेक्षकाने काय पाहावे, कसे पाहावे आणि कोणती तयारी करून जावे, याविषयी हा धागा काढतो आहे. उदाहरण म्हणून मी नॉर्थ कॅरोलायनातील डरहम हे गाव घेतो, कारण ते मैदान मी सर्वांत जवळून पाहिले आहे.

ज्यांना या रचनेची माहिती नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघाशी मायनर लीगचे चार संघ करारबद्ध आहेत, म्हणजे एकूण १२० संघ झाले. त्यांच्या पायऱ्या वरून खाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए अशा आहेत. डरहम बुल्स हा संघ १९९८ पासून टॅम्पा बे रेजचा ट्रिपल-ए संघ आहे, म्हणजे तिथला खेळाडू मेजर लीगपासून एकच पायरी दूर असतो. कोण खेळणार, कोणाला वर बोलावायचे, पिचरने किती चेंडू टाकायचे, हे सारे वरचा संघ ठरवतो. त्यामुळे चांगली पिचिंग करणारा पिचर (चेंडू टाकणारा) नऊ डावांपैकी पाचव्या डावातच थांबवला जातो किंवा कालचा सर्वोत्तम फलंदाज आज संघात नसतो. ही गोष्ट समजून घेऊन गेले की सामन्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. विजयाची ओढ खेळाडूंना असतेच, पण प्रत्येक जण तिथे स्वतःच्या पुढच्या पायरीसाठीही झगडत असतो, आणि मैदानापासून बारा-पंधरा रांगा मागे बसलेल्या प्रेक्षकाला ती धडपड अगदी स्पष्ट दिसते.

आता डरहमविषयी. हे तंबाखूचे गाव होते. बुल डरहम या तंबाखूच्या ब्रँडने गावाला बैलाचे चिन्ह दिले आणि संघानेही तेच नाव घेतले. १९०२ साली हा संघ सुरू झाला तेव्हा त्याचे नावदेखील तंबाखूच्या धंद्यावरूनच ठेवलेले होते. आजचे मैदान, डरहम बुल्स अॅथलेटिक पार्क, १९९५ साली उघडले. त्यात सुमारे दहा हजार प्रेक्षक बसतात. डाव्या बाजूला ३२ फूट उंचीची निळी भिंत आहे आणि होम प्लेटपासून (फलंदाज जिथे उभा राहतो तिथून) ती अवघ्या ३०५ फुटांवर असल्यामुळे, इतरत्र सहज झेलबाद झाला असता असा फटका इथे भिंतीवर आपटून परत येतो. डाव्या क्षेत्ररक्षकाने त्या परतणाऱ्या चेंडूचा अंदाज कसा घ्यावा, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. सामन्यापूर्वीच्या सरावात तो खेळाडू भिंतीशी उभा राहून हेच शिकत असतो, म्हणून दरवाजे उघडताच आत जावे.

त्या भिंतीच्या वर मोठा लाकडी बैल उभा आहे. चेंडू बैलाला लागला तर फटका मारणाऱ्याला मांसाहाराची मेजवानी आणि खालच्या गवताला लागला तर सॅलड, असे त्या फलकावर लिहिलेले आहे. घरच्या संघाने होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर घालवणारा फटका) मारला की बैलाचे डोळे लाल होतात, नाकपुड्यांतून धूर निघतो आणि शेपूट हलते. पुष्कळ पाहुण्यांना हा बैल संघाइतकाच जुना वाटतो, पण तो मुळात १९८८ च्या 'बुल डरहम' या चित्रपटासाठी तयार केला गेला होता, आणि चित्रीकरण संपल्यावर संघाने ती कल्पना कायमची ठेवून घेतली.

ते चित्रीकरण मात्र या मैदानावर झालेले नाही, आणि इथेच परगावच्या प्रेक्षकाला माझी पहिली सूचना आहे. सुमारे मैलभर उत्तरेला जुने डरहम अॅथलेटिक पार्क अजून उभे आहे, ते दिवसाउजेडी पाहून या. तिथे १९२६ साली मैदान झाले, १९३९ साली लाकडी प्रेक्षागृह आगीत भस्मसात झाले आणि पुढच्याच वर्षी ते काँक्रीट व पोलादाचे नव्याने बांधले गेले. तिकीटघराचा शंकूच्या आकाराचा बुरूज रस्त्यावरूनच दिसतो. १९९४ पर्यंत बुल्स इथेच खेळत. १९६३ साली जो मॉर्गन हा तरुण कृष्णवर्णीय खेळाडू याच मैदानावर डरहमसाठी खेळला. दक्षिणेतील वर्णभेदाचा काळ तेव्हा संपलेला नव्हता, आणि कॅलिफोर्नियात वाढलेल्या त्या मुलाला इथे जे पाहावे आणि सोसावे लागले त्याविषयी त्याने पुढे स्वतः सांगितले आहे. हाच मॉर्गन मेजर लीगमधील सिनसिनाटी संघाच्या दोन विजेतेपदांचा आधारस्तंभ झाला आणि १९९० साली हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील महान खेळाडूंच्या सन्मानदालनात, गेला. त्याचा १८ हा क्रमांक बुल्सने कायमचा राखून ठेवला आहे. नव्या मैदानावर तो क्रमांक पाहण्यापूर्वी जुन्या मैदानासमोर उभे राहून यावे, असे मला मनापासून वाटते.

नव्या मैदानाला लागूनच जुन्या अमेरिकन टोबॅको कारखान्याचा परिसर आहे. १९८७ साली कारखाना बंद पडल्यावर हा भाग कित्येक वर्षे ओस पडला होता. ज्यांच्याकडे संघाची मालकी होती त्याच कंपनीने पुढाकार घेऊन २००४ पासून तिथे कार्यालये, उपाहारगृहे आणि मधून वाहणारा पाण्याचा प्रवाह असा परिसर उभा केला. लकी स्ट्राइक या सिगारेटच्या ब्रँडचे धुराडे आणि पाण्याची टाकी तशीच जपलेली आहे. गिरणगावाच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांना त्या विटांच्या भिंतींमधून चालताना अनेक विचार येतील. बंद पडलेल्या कारखान्याशेजारी आधी मैदान आले आणि मग गावाचा तो भाग पुन्हा जगता झाला, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

माझे सांगणे एवढेच आहे की, मैदानांची संख्या वाढवण्यासाठी रोज नव्या गावी धावण्यापेक्षा एका गावात थांबावे, लागोपाठ दोन सामने पाहावेत आणि गावही पाहावे. २०२१ पासूनच्या वेळापत्रकाने हे सोपे केले आहे. दोन संघ मंगळवार ते रविवार असे सहा सामने एकाच गावी खेळतात आणि सोमवारी सहसा सुटी असते. पहिल्या रात्री खेळाडू ओळखीचे होतात; दुसऱ्या रात्री कालचा चुकलेला फलंदाज आज काय बदलतो हे कळू लागते. जाणकारांनी आपापले अनुभव अवश्य लिहावेत.

प्रतिसाद : रुळावरून

धागा अतिशय उपयुक्त आहे. मला त्यात रेल्वेची भर घालायची आहे, कारण गाडी न चालवता ही मैदाने पाहता येतात हे फार थोड्यांना ठाऊक असते.

रॅली ते शार्लट या मार्गावर अॅमट्रॅकची (अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे सेवेची) पीडमाँट ही गाडी दिवसातून अनेकदा धावते. तिचे थांबे कॅरी, डरहम, बर्लिंग्टन, ग्रीन्सबरो, हाय पॉइंट, सॉल्सबरी आणि कनॅपोलिस असे आहेत. यांपैकी डरहमच्या स्थानकावरून बुल्सचे मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ग्रीन्सबरोमध्ये ग्रासहॉपर्स हा हाय-ए संघ २००५ साली उघडलेल्या मैदानावर खेळतो आणि तेही गावाच्या मध्यवर्ती भागातच आहे. हाय पॉइंटला मेजर लीगशी करार नसलेल्या अटलांटिक लीगचा संघ आहे, ज्यात पूर्वी वरच्या पायरीवर खेळून आलेले आणि पुन्हा संधी शोधणारे खेळाडू दिसतात. कनॅपोलिसचे सिंगल-ए मैदान स्थानकापासून अगदी जवळ आहे. ते २०२० साली तयार झाले, पण महासाथीमुळे तो हंगामच रद्द झाला आणि पहिला सामना २०२१ मध्ये झाला. शार्लटचे ट्रिपल-ए मैदान उंच इमारतींच्या मधोमध आहे. स्थानक मात्र तिथून थोडे दूर असल्याने शहरातली बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते.

एक सावधगिरीची सूचना करतो. सायंकाळचा सामना साडेसहा-सातच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा तो संपल्यावर परतीची गाडी मिळेल असे गृहीत धरू नये. रेल्वेने जायचे तर मुक्काम करावा किंवा दुपारचा सामना निवडावा. रविवारी पुष्कळ ठिकाणी सामना दुपारी असतो. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी शाळकरी मुलांसाठी सकाळी अकराच्या आसपास सामना ठेवतात. त्या दिवशी प्रेक्षागृह मुलांनी भरलेले असते आणि आवाज प्रचंड असतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

ग्रीन्सबरोला जाणार असाल तर साउथ एल्म स्ट्रीटवरील नागरी हक्क संग्रहालयासाठी दिवसाचे काही तास राखून ठेवा. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी ज्या वूलवर्थच्या दुकानातील खाद्यपदार्थांच्या काउंटरवर बसले आणि सेवा नाकारली तरी उठले नाहीत, त्याच इमारतीत ते संग्रहालय आहे. मूळ धाग्यात जो मॉर्गनचा उल्लेख आलाच आहे. १९६३ च्या डरहममध्ये तो खेळायला आला, तेव्हा या घटनेला जेमतेम तीन वर्षे झाली होती. दोन्ही गावे एका रेल्वेमार्गावर आहेत, म्हणून ती एकाच प्रवासात पाहावीत.

प्रतिसाद : मॉरिसव्हिलकर

आमचे घर डरहमच्या मैदानापासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे आणि या भागातील मराठी कुटुंबे मुलांना घेऊन बुल्सच्या सामन्यांना नेहमी जातात. मॉरिसव्हिलचे चर्च स्ट्रीट पार्क हे क्रिकेटचे मैदान २०२३ साली मेजर लीग क्रिकेटच्या पहिल्या हंगामामुळे अनेकांना माहीत झाले. त्यामुळे क्रिकेटसाठी या बाजूला येणाऱ्यांनी वेळापत्रक जुळत असल्यास एक संध्याकाळ डरहमसाठी ठेवावी, असे मी पाहुण्यांना नेहमी सुचवते.

मुलांना आणि आईवडिलांना घेऊन येणाऱ्यांसाठी काही गोष्टी लिहिते. मैदानांवर पिशव्यांबाबत निर्बंध असतात. अनेक ठिकाणी पारदर्शक किंवा अगदी लहान पिशवीच आत नेता येते, आणि बाहेरचे खाणे सहसा चालत नाही. बऱ्याच मैदानांवर रोख पैसे घेत नाहीत, म्हणून कार्ड जवळ ठेवावे. शाकाहारी माणसाला भाजलेले शेंगदाणे, पॉपकॉर्न, प्रेट्झेल आणि नाचोज एवढे नक्की मिळते. ज्येष्ठ मंडळींना त्यावर तीन तास काढायला लावणे योग्य नाही, तेव्हा शेजारच्या कारखाना परिसरात आधी व्यवस्थित जेवून मग आत जावे.

आसनांबाबत एक नियम उपयोगी पडतो. होम प्लेटपासून पिचरकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, अशी शिफारस बेसबॉलच्या नियमपुस्तकातच आहे, जेणेकरून मावळतीचा सूर्य फलंदाजाच्या डोळ्यांत येऊ नये. मैदान तसे बांधलेले असेल तर उन्हाळ्याच्या संध्याकाळी तिसऱ्या बेसच्या बाजूला (होम प्लेटमागून पाहताना डावीकडे) सावली लवकर येते आणि पहिल्या बेसच्या बाजूला (उजवीकडे) ऊन तोंडावर येते. प्रत्येक मैदान या दिशेला नाही, म्हणून तिकीट घेण्यापूर्वी नकाशा पाहावा. जुलैमध्ये इकडचा उकाडा कोकणातल्या मे महिन्यासारखा घामाघूम करणारा असतो, त्यामुळे ही बाब क्षुल्लक समजू नये.

लहान मुले बरोबर असतील तर ती बसतील तिथे समोर संरक्षक जाळी आहे याची खात्री करा. जाळीबाहेरच्या आसनावर बसायचेच असेल तर फलंदाज तयार असताना फोनकडे पाहू नये. डावखुऱ्या फलंदाजाचा चुकार फटका तिसऱ्या बेसच्या मागच्या रांगांत किती वेगाने येतो, हे पाहिल्याखेरीज कळत नाही.

प्रतिसाद : धावफलक

पाऊलवाट यांच्या लिखाणाबद्दल आदर राखून मी त्यांच्या एका मुद्द्याशी असहमती नोंदवतो. मैदानांची संख्या वाढवण्यासाठी धावू नये, असे ते म्हणतात. मी गेली अनेक वर्षे शक्य तितकी मैदाने पाहण्याचा नेम ठेवला आहे आणि त्यामागे एक गंभीर कारण आहे. ही मैदाने आणि हे संघ कायमचे नसतात.

२०२१ पूर्वी मेजर लीगशी करारबद्ध असलेले १६० संघ होते. नव्या रचनेत ते १२० झाले, म्हणजे किमान चाळीस संघांचे वरच्या संघांशी असलेले नाते तुटले. काही संघ स्वतंत्र लीगमध्ये गेले, काही महाविद्यालयीन खेळाडूंच्या उन्हाळी लीगमध्ये गेले, काही बंद पडले. वर रेल्वेच्या प्रतिसादात बर्लिंग्टनचा थांबा आला आहे. तिथे २०१९ पर्यंत कॅन्सस सिटी रॉयल्सचे नवखे खेळाडू खेळत. आज तिथे उन्हाळ्याच्या सुटीतले महाविद्यालयीन खेळाडू खेळतात. रोड आयलंडमधील पॉटकेटचे मॅकॉय स्टेडियम, जिथे १९८१ साली व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासातील सर्वांत लांब, ३३ डावांचा सामना झाला, तेही आता पाडले गेले आहे. तो सामना १८ एप्रिलच्या रात्री सुरू होऊन पहाटे चारनंतर थांबवला गेला आणि जूनमध्ये पुढे खेळून संपवला. वेड बॉग्स आणि कॅल रिप्केन हे दोन भावी महान खेळाडू त्यात परस्परांविरुद्ध खेळले होते. ते मैदान ज्यांनी 'पुढे कधीतरी' म्हणून ठेवले त्यांना ते आता दिसणार नाही.

भारतीय वाचकांसाठी याहून जवळचे उदाहरण रिंकू सिंह याचे आहे. २००८ साली भारतात झालेल्या वेगवान चेंडूफेकीच्या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंह आणि दिनेश पटेल या दोघांची निवड झाली. दोघेही मुळात भालाफेक करणारे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले आणि २००९ च्या जुलैमध्ये रिंकूने अमेरिकेतील व्यावसायिक सामन्यात विजयी पिचर म्हणून नाव नोंदवले. भारतीय नागरिकासाठी हे पहिल्यांदाच घडत होते. दिनेशचा करार पुढे लवकरच संपला. रिंकू मात्र २०१० मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्टेट कॉलेज स्पाइक्स आणि त्यानंतर वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या संघांकडून खेळला. तेव्हा ज्या साउथ अटलांटिक लीगमध्ये पॉवर हा संघ होता, तिच्यातच ग्रीन्सबरो, कनॅपोलिस आणि अॅशव्हिल हेही संघ होते. पुढे कोपराच्या शस्त्रक्रियेने त्याची वाट अडली. २०२१ च्या फेररचनेत स्पाइक्स आणि पॉवर या दोन्ही संघांचे मेजर लीगच्या संघांशी असलेले नाते संपले. मैदाने आहेत, तिथे खेळही होतो, पण ज्या शिडीवर आपल्या देशातला हा मुलगा चढू पाहत होता तिच्या या दोन पायऱ्या आता उरल्या नाहीत. ही गोष्ट ज्याला कळते त्याने शक्य तितकी मैदाने आजच पाहावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

हाताने धावपुस्तिका भरण्याची सवय मात्र सर्वांनीच लावून घ्यावी. प्रत्येक फलंदाजाची नोंद करत गेलो की अनोळखी संघही तिसऱ्या-चौथ्या डावापर्यंत ओळखीचा होतो. शेजारचे स्थानिक प्रेक्षक पुस्तिका पाहून आपणहून बोलू लागतात, आणि खेळाडूंविषयी त्यांच्याकडून जे कळते ते कुठेही छापलेले नसते.

प्रतिसाद : पाऊलवाट

धावफलक, आपला मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, विशेषतः स्टेट कॉलेज आणि वेस्ट व्हर्जिनियाचे उदाहरण. तरीही मी माझ्या म्हणण्यावर कायम आहे. एखादे मैदान नाहीसे होणार असेल, तर त्याला तीन तास देऊन निघून जाणे मला अधिकच अपुरे वाटते. आपण जी पुस्तिका भरता आणि शेजाऱ्यांशी बोलता, त्यासाठी तर थांबावेच लागते.

खेळाडूंविषयी एक मुद्दा राहिला होता, तो इथे लिहितो. डगआउटजवळ (खेळाडू बसतात त्या जागेजवळ) स्वाक्षरी मागताना हा खेळाडू किती मिळवतो याचे भान असावे. २०२२ मध्ये मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या खेळाडू संघटनेत सामील झाले आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. त्यानुसार ट्रिपल-एचे किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरवरून ३५,८०० डॉलर झाले आणि सिंगल-एचे २६,२०० डॉलर झाले. त्यापूर्वी अनेक जण एका खोलीत पाच-सहा जणांनी राहून हंगाम काढत. आज राहण्याची सोय संघ करतो. हे मिळवण्यासाठी त्यांना दीर्घकाळ झगडावे लागले. म्हणून एकाच खेळाडूकडून विक्रीसाठी खेळाडूंच्या चित्रांच्या दहा-दहा कार्डांवर सह्या घेणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे राहू नये. एक सही, दोन शब्द आणि आभार पुरेसे आहेत.

एखाद्या विशिष्ट खेळाडूसाठी दूरचा प्रवास आखू नये, हेही सांगतो. ट्रिपल-एचा खेळाडू सकाळी वर बोलावला गेला तर रात्री तो दुसऱ्या शहरात असतो. याउलट, दुखापतीतून सावरणारा मेजर लीगचा नामांकित खेळाडू काही दिवसांसाठी अचानक इथे खेळताना दिसू शकतो. फलंदाजाला यासाठी २० दिवसांची आणि पिचरला ३० दिवसांची मर्यादा असते.

प्रतिसाद : दक्षिणवारा

अॅशव्हिलचा उल्लेख झालाच आहे तर थोडे सविस्तर लिहितो. डरहमहून पश्चिमेला साडेतीन-चार तासांवर, ब्लू रिज डोंगरांत हे गाव आहे आणि तिथल्या संघाचे नावच टुरिस्ट्स आहे. मॅककॉर्मिक फील्ड हे मैदान १९२४ सालचे आहे, प्रेक्षागृह अर्थातच पुढे नव्याने बांधलेले आहे. मैदान टेकडीच्या कुशीत खोदून बसवल्यामुळे उजवी बाजू केवळ २९७ फुटांवर संपते, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी तिथे सुमारे ३६ फूट उंच भिंत उभारली आहे. डरहमच्या डाव्या भिंतीवर चेंडू कसा परततो हे पाहिलेल्याने अॅशव्हिलची उजवी भिंत अवश्य पाहावी. दोन्ही ठिकाणी जमिनीच्या अडचणीतून खेळाची एक वेगळी पद्धत तयार झाली आहे. मेजर लीगने २०२१ नंतर मैदानांसाठी नवे निकष लागू केल्यामुळे तिथे सार्वजनिक पैशांतून मोठे नूतनीकरण हाती घेण्यात आले. गावाने आपला संघ राखण्यासाठी हा खर्च स्वीकारला, याचे मला कौतुक वाटते.

धावफलक आणि पाऊलवाट यांच्या वादात मी पाऊलवाट यांच्या बाजूने आहे, पण एका व्यावहारिक कारणासाठी. ते कारण म्हणजे पाऊस. दक्षिणेत उन्हाळ्याच्या संध्याकाळी गडगडाटी पाऊस वारंवार येतो. पाच डाव पूर्ण होण्यापूर्वी सामना थांबला तर प्रेक्षकाला सहसा पुढच्या एखाद्या सामन्याचे तिकीट बदलून मिळते, पैसे परत मिळत नाहीत. गावातल्या माणसाला त्याची अडचण नसते, परंतु दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी निघणाऱ्या प्रवाशाला त्या तिकिटाचा काहीच उपयोग नसतो. म्हणून मालिकेच्या सुरुवातीच्या दिवशी, शक्यतो मंगळवारी किंवा बुधवारी पोहोचावे आणि हाताशी एक दिवस मोकळा ठेवावा. पावसाने रद्द झालेला सामना बहुधा त्याच मालिकेत दुसऱ्या दिवशी जोडून खेळवला जातो, आणि अशा जोडसामन्यांत प्रत्येक सामना नऊऐवजी सात डावांचा असतो.

प्रतिसाद : रुळावरून

जोडसामन्याविषयी दक्षिणवारा यांनी लिहिले आहे, त्यात एवढीच भर घालतो की, त्या दिवशी पहिला सामना नेहमीच्या वेळेपेक्षा लवकर सुरू होतो. त्यामुळे आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी उठल्यावर संघाच्या संकेतस्थळावर बदललेली वेळ पाहावी आणि मगच कोणती गाडी घ्यायची ते ठरवावे. वेळापत्रकात 'त्या दिवशीचे पिचर' अशी नोंदही साधारण आदल्या दिवसापर्यंत दिसू लागते. सहा सामन्यांच्या मालिकेत सुरुवातीच्या पिचरला बहुधा आठवड्यातून एकदाच संधी मिळते, तेव्हा ज्याला पिचिंग बारकाईने पाहायची आहे त्याने ती नोंद पाहून होम प्लेटच्या मागचे तिकीट घ्यावे. तिकिटांचे दर मेजर लीगच्या तुलनेत इतके कमी असतात की ही चैन परवडते.

प्रतिसाद : मॉरिसव्हिलकर

या उन्हाळ्यात भारतातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी मी हाच धागा पाठवणार आहे. हंगाम मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीपासून सप्टेंबरपर्यंत असतो. तेव्हा जे गणपतीनंतर येतात त्यांनी आपल्या तारखा आणि शेवटच्या घरच्या मालिकेची तारीख ताडून पाहावी. कोणी डरहमला येणार असेल तर इथे आधी लिहा; त्या आठवड्यात बुल्स गावात आहेत की परगावी, आणि मैदानाजवळ गाडी कुठे लावावी, हे आम्ही इथले रहिवासी सांगू शकतो.